पुण्याजवळचा कुंभार आणि छिन्न नासिका

पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक-कान कापले, ही कथा नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. परंतु तुटलेले नाक पुन्हा जोडण्याची विद्या ज्या मराठी मुलुखात पेशवाईच्या अखेरीपर्यंत जिवंत होती, त्या मुलुखाला तिचा जवळजवळ विसर पडावा, ही खेदाची गोष्ट होय.

टिपूविरुद्धच्या १७९२ च्या मोहिमेत इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी कैद होऊन नाक व एक हात गमावून बसला. सुमारे वर्षभराने पुण्यानजीक वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. तो वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापला गेला, त्यात कंपनी सरकारचा पेन्शनर झालेल्या कावसजीचे नाव आले, कारागिराचे मात्र आले नाही.

सुश्रुताने नाकासाठी गालाची त्वचा घ्यावयास सांगितली होती. इटलीच्या ताल्याकोत्सीने १५९७ च्या ग्रंथात दंडाची त्वचा घेण्याची रीत वर्णिली, आणि तीत रुग्णाला कित्येक दिवस हात चेहऱ्याशी जखडून राहावे लागे. आमच्या कारागिराने मेणाचा साचा कपाळावर पसरून तेवढी त्वचा सोडवली, भुवयांमधला देठ तसाच राखून ती खाली वळवली, टाक्यांऐवजी पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या, आणि त्वचा नव्या जागी रुजेपर्यंत तिला रक्त पुरवणारा तो देठ सुमारे पंचविसाव्या दिवशीच छेदला. तिन्ही रीतींत मला हीच श्रेष्ठ वाटते, कारण तीत रुग्णाचे हाल कमी आणि त्वचेच्या प्राणाची काळजी अधिक आहे. इंग्रज शल्यवैद्य कार्प्यूने १८१४ साली लंडनमध्ये तीच स्वीकारली.

त्वचेच्या प्राणाची हीच काळजी पुढे कानाच्या शस्त्रक्रियेतही कळीची ठरली. ऐकू येण्यासाठी कानामागच्या अस्थीत टायटॅनियमचा स्क्रू रोवून ध्वनी थेट अंतर्कर्णापर्यंत नेण्याची शस्त्रक्रिया स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे १९७७ साली सुरू झाली, तेव्हाही अखेर त्वचेचाच प्रश्न उभा राहिला. प्रारंभी शल्यवैद्य स्क्रूभोवतीची त्वचा पातळ करीत, केसांची मुळे व खालचा मेद काढून टाकीत, म्हणजे तेथील त्वचा हलून दाह होऊ नये. त्यामुळे कानामागे खळगा पडे, केस जात व बधिरता उरे. पुढे एकच सरळ छेद घेऊन मेद राखण्याची रीत आली. स्क्रूवरचा खांब अधिक लांबीचा केला की जाड त्वचेतूनही तो बाहेर येतो, आणि कापायचे फारसे काही उरत नाही.