गतिविषयक नियम, न्यूटन यांचे

बल आणि गती यांचा संबंध सांगणारे तीन मूलभूत नियम. आयझॅक न्यूटन यांनी ते १६८७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात मांडले. पहिल्या नियमाची वाट गॅलिलिओ व देकार्त यांनी आधीच घालून दिली होती : बाह्य बल नसेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते. दुसऱ्यानुसार संवेग, म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, बदलण्याचा दर बलाच्या प्रमाणात असतो आणि बदल बलाच्याच दिशेने होतो.

तिसरा नियम सर्वांना पाठ असतो, पण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याच वाट्याला येतो. क्रिया व प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात खऱ्या. मात्र त्या दोन वेगळ्या वस्तूंवर घडतात, म्हणून एकमेकींना रद्द करत नाहीत. बैल गाडीला जितका ओढतो, तितकीच गाडी बैलाला मागे ओढते. तरीही गाडी निघते, कारण बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. चिखलात खूर घसरू लागले, की हा रेटा मिळत नाही आणि गाडी जागीच रुतून बसते.

१ किग्रॅ. वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला १ मी./से. इतका वाढवणाऱ्या बलास १ न्यूटन म्हणतात.