जखमी सैनिकांसाठी साधननिधी (पुणे व पिंपरी-चिंचवड परिसर)

युद्धात, चकमकीत, सुरुंगस्फोटात किंवा प्रशिक्षणाच्या काळात अपंगत्व आलेल्या सैनिकांना कृत्रिम हातपाय, व्हीलचेअर, बाजूला चाके लावलेली स्कूटर, आवाजावर चालणारा संगणक अशी साधने मिळावीत, म्हणून नागरिक, कंपन्या आणि संस्था यांनी उभा केलेला पैसा म्हणजे साधननिधी. महाराष्ट्रात या कामाची मुख्य ठिकाणे पुणे परिसरात आहेत : पुणे लष्कर भागातले कृत्रिम अवयव केंद्र, खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि खडकीचेच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. देणाऱ्यांची वस्ती इथून लांब नाही. पिंपरीतले संत तुकाराम नगर, त्याला लागून असलेले यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, भोवतालचे वाहन कारखाने आणि पुढे भोसरी-चाकणपर्यंत पसरलेली सुट्या भागांची शेकडो वर्कशॉपे हा देशातल्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यांपैकी एक आहे. संत तुकाराम नगरचे मेट्रो स्थानक मार्च २०२२ मध्ये सुरू झाले, आणि खडकी त्याच मार्गिकेवर आहे. इतक्या जवळ पैसा, कारागिरी आणि गरज तिन्ही असताना निधीची रचना मात्र उलटी झाली आहे. साधन विकत घेण्यासाठी पैसा सहज जमतो. ते पुढची वीस-तीस वर्षे चालते ठेवण्यासाठी जमत नाही. खरी उणीव या दुसऱ्या पैशाची आहे, आणि ती भरून काढणे सामान्य देणगीदाराच्या आवाक्यातले आहे.

जुन्या पिढ्यांना हे अधिक नीट कळले होते. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज संस्था सुरू झाली आणि नंतर ती खडकीला आली. तिने कुबड्या वाटल्या नाहीत. हातचा धंदा शिकवला. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. तोवर असे बहुतेक रुग्ण सतत पडून राहिल्याने अंगाला होणाऱ्या जखमांनी (बेडसोअर) आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने थोड्याच काळात दगावत. गुटमान यांनी त्यांना जगवले ते ठरावीक तासांनी कूस बदलून, त्वचा आणि मूत्रमार्ग यांची रोजची काळजी घेऊन आणि खेळायला लावून. यंत्राचा भाग त्यात फार थोडा होता. खडकीचे पॅराप्लेजिक केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले, तेही याच समजुतीवर : कमरेखालची किंवा मानेखालची हालचाल गेलेल्या जवानाला चार-सहा महिन्यांचा उपचार पुरत नाही, त्याला आयुष्यभराचे ठिकाण लागते. इथले काही रहिवासी तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात आणि ती विकली जातात. सरकारी अनुदान या केंद्राला मिळते, पण त्याबरोबर ते देणग्यांवरही चालते.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, ते बहुधा पदकासाठी. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे पेटकर लष्कराच्या ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या दलात क्राफ्ट्समन होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. पोहणे त्यांनी सुरू केले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले; त्यांचा परदेशप्रवास शक्य झाला तो कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हातभार लावल्यामुळे. पुढे त्यांनी वाहने बनवणाऱ्या टेल्को कंपनीच्या पुणे कारखान्यात नोकरी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कहाणीत साधन फार साधे आहे : पोहण्याचा तलाव. निर्णायक ठरली ती त्यामागची साखळी, म्हणजे रुग्णालय, प्रशिक्षक, प्रवासखर्च आणि शेवटी पगाराची नोकरी. तिची एक कडी जरी निसटली असती तरी तलाव कामाला आला नसता.

कृत्रिम पायाचे उदाहरण घेतले की हाच हिशेब पैशात दिसतो. पाय कापल्यानंतर उरलेला भाग पहिले वर्षभर तरी आकसत राहतो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात. सुरुवातीला बसवलेले सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, त्यामुळे लवकरच सैल होते आणि घासून जखम करते. ते बदलावे लागते, एकदा नव्हे तर अनेकदा. पुढेही वजन कमी-जास्त झाले की माप बदलते. कार्बन फायबरचा पाय किंवा मायक्रोप्रोसेसर असलेला गुडघा काही वर्षांनी बदलावाच लागतो, आणि मधल्या काळात त्याची बॅटरी, सेन्सर आणि तपासणी यांचा खर्च चालूच असतो. पॅराप्लेजिक रुग्णाच्या व्हीलचेअरमध्ये सर्वांत महत्त्वाची वस्तू मोटर नसून खालची गादी असते. ती दबली की बेडसोअर होतो आणि माणूस कित्येक महिने पालथा पडून राहतो. पंचविशीत जखमी झालेल्या जवानाला अशा किती गाद्या, किती सॉकेटे लागतील याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. तरीही समारंभात फोटो निघतो तो नव्या खुर्चीचा. गादीसाठी समारंभ होत नाही.

लोकांचा पैसा येतो तो लाटेसारखा. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचे छोटे ध्वज वाटून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये निधी गोळा करतात. पूर्वी वेगवेगळे असलेले निधी १९९३ मध्ये सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत एकत्र करण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले, तेव्हा देशभरातून आपणहून पैसे येऊ लागले आणि त्यातूनच लढाईतील हताहतांसाठी लष्कराचा स्वतंत्र कल्याण निधी उभा राहिला. ही भावना खरी आहे आणि तिचा मान राखायलाच हवा. पण ती बहुतेक वेळा मृत्यूच्या बातमीला उत्तर देते. जो वाचला आणि पुढची चाळीस वर्षे खुर्चीत जगणार आहे, त्याच्याबद्दल पुन्हा बातमी येत नाही. कंपन्यांचा पैसा अधिक नियमित असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. याच कायद्याच्या अनुसूची सातमध्ये माजी सैनिकांचे कल्याण स्पष्टपणे नमूद आहे आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. चाकणच्या कंपनीसाठी खडकी आसपासच आहे. अडचण पुढे येते. चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच असते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर हा पैसा एखाद्या संस्थेच्या कायम ठेवीत घालता येत नाही. म्हणजे कंपनी यंत्र देऊ शकते, कार्यशाळा बांधून देऊ शकते, पण तीस वर्षे व्याजावर चालणारी देखभाल-ठेव देऊ शकत नाही. ती मुख्यतः व्यक्तींच्या देणग्यांतूनच उभी राहू शकते. यावरून कामाची विभागणी सरळ सुचते : महाग यंत्रसामग्री कंपन्यांनी द्यावी आणि संत तुकाराम नगरसारख्या वसाहतीतल्या पगारदार, निवृत्त आणि व्यापारी माणसांनी आपली छोटी रक्कम कायम ठेवीत, दुरुस्तीसाठी म्हणून, द्यावी. आज नेमके उलटे घडते. गणेश मंडळ आणि कामगार संघटना खुर्ची देतात आणि दुरुस्तीचा भार संस्थेवर येतो.

यावर पहिला आक्षेप असा की सैनिक देशासाठी जखमी झाला, त्याचा खर्च सरकारने उचलावा, त्यासाठी वर्गणी काढणे लाजिरवाणे आहे. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे, आणि सरकार बराच भार उचलतेही : अपंगत्व निवृत्तिवेतन आहे, एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही उपचारांची योजना आहे. पण सरकारी योजना व्याख्येवर चालते, आणि व्याख्येबाहेर माणसे राहतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि अशाच इतर संस्थांत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन बाहेर पडलेले कॅडेट ‘माजी सैनिक’ ठरत नव्हते. त्यांना निवृत्तिवेतन नव्हते, फक्त सानुग्रह रक्कम मिळत होती आणि उपचारांची योजना लागू नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना ईसीएचएस लागू केली. त्याआधी कित्येक वर्षे यांतल्या अनेकांचा खर्च आईवडिलांनी सोसला. लोकनिधीने सरकारची जागा घेऊ नये. पण नियम बदलेपर्यंत माणसाने थांबावे, असेही कोणी म्हणू शकत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे : एका संगणकीय गुडघ्याच्या किमतीत जयपूर फूट नावाचे पुष्कळ स्वस्त रबरी पाय बसतात, मग थोड्यांसाठी एवढा पैसा का? जयपूर फूटची थोरवी निर्विवाद आहे. शेतात, चिखलात, अनवाणी चालणाऱ्यासाठी तो आजही उत्तम आहे. पण निवड किमतीवरून न करता कामावरून करावी. कारगिल युद्धात पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग ब्लेड, म्हणजे पात्यासारखा कृत्रिम पाय, लावून लांब पल्ल्याच्या शर्यती धावू लागले. नागालँडचे होकाटो सेमा यांचा पाय २००२ मध्ये सुरुंगस्फोटात गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने ते गोळाफेकीकडे वळले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर फेक करून त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्यांना लागणाऱ्या गोष्टींत बसून फेकण्यासाठी पक्का बांधलेला स्टूल आणि रोजचा सराव या सर्वांत मोलाच्या होत्या. कोणाला ब्लेड, कोणाला रबरी पाय, कोणाला स्टूल हे ठरवायला तज्ज्ञाचा वेळ लागतो, आणि तोच वेळ देणग्यांच्या यादीत क्वचित दिसतो.

तिसरा आक्षेप पिंपरी-चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यातलाच आहे आणि सर्वांत वजनदार आहे. पॉवर प्रेसखाली बोटे आणि पंजे गमावणारे कामगार पिंपरी, भोसरी, चाकणमध्येच राहतात. त्यांना बाजूला ठेवून फक्त गणवेशासाठी निधी का? सैनिकाचा हक्क वेगळा आहे, कारण त्याला धोक्यात पाठवण्याचा निर्णय आपण सर्वांनी मिळून घेतलेला असतो. पण साधन तेच असते, त्याची दुरुस्ती करणारा कारागीरही तोच. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र शुल्क घेऊन नागरिकांनाही सेवा देते. कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये माजी सैनिकांबरोबर अपंगांच्या रोजगारक्षम कौशल्यांसाठीही जागा आहे. सॉकेट ओतणारी, सांधे घासून बसवणारी, बॅटऱ्या बदलणारी एखादी कार्यशाळा पिंपरीत उभी राहिली, तर तिचा खर्च या दोन्ही नोंदींखाली दाखवता येईल, आणि खडकीच्या जवानाबरोबर भोसरीच्या प्रेस ऑपरेटरचाही कृत्रिम हात तिथे दुरुस्त होऊ शकेल.