फिल्टर, मामा आणि सातारा रोड

शनिवारची दुपार. साताऱ्यात मामाच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडं, माझा हात कोपरापर्यंत आत आणि ऑईल फिल्टर काही केल्या हलत नाही. जुनं ऑईल आधीच काढून टाकलेलं, म्हणजे गाडी सुरू करायची सोय नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आईला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आई सांगलीत, मी इथे. आठवडाभर कोड लिहिणाऱ्या माणसाने वीकेंडला पाना हातात घेतला की असंच होतं!

शेवटी वैतागून स्क्रूड्रायव्हर उचलला. फिल्टरच्या पत्र्यात आरपार ठोकायचा आणि पिळायचा, असं कुठेतरी वाचलं होतं. ओट्यावरून मामा ओरडला, "थांब की लेका! पत्रा फाटला तर मग धरशील कशाला?"

मुद्दा बरोबर होता. चहा आला, आणि चहाबरोबर मामाचा इतिहासाचा तास.

मोटारीला ऑईल फिल्टर जन्मापासून नव्हता. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी ला तो नव्हताच. ऑईल खराब झालं की बदलायचं, बस्स. 1920 च्या दशकात अर्नेस्ट स्वीटलंड या अमेरिकन माणसाने मोटारीसाठी फिल्टर आणला, नाव प्युरोलेटर. 'प्युअर ऑईल लेटर' या तीन शब्दांतून ते जुळवलेलं. सुरुवातीच्या फिल्टरमधून सगळं ऑईल जात नसे, थोडंच वळवून गाळलं जाई. आज दिसतो तो आख्खा डबा फिरवून काढायचा आणि फेकून द्यायचा प्रकार 1950 च्या दशकात रुळू लागला. कल्पना साधी: हाताने बसवा, हाताने काढा.

मग माझं घोडं कुठे अडलं? जागेत. पद्मिनीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि ताकद मागच्या चाकांना. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, ती आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद घेऊन. गाडी छोटी, आतली बैठक ऐसपैस. पण ती जागा आली कुठून? बॉनेटखालून! आपण आत पाय पसरून बसतो, त्याची किंमत मेकॅनिकची बोटं चुकवतात.

आणि पद्मिनीचं गणगोत आमच्याच भागातलं निघालं. कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी 1922 साली कारखाना काढला. नांगर, उसाचे चरक, आणि 1933 मध्ये डिझेल इंजिन. भारतात बनलेलं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कारखाना पुढे वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. याच वालचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, तिचीच पुढे पद्मिनी. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे.

त्याच पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आणखी पुढे किर्लोस्करवाडी. 1910 साली औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना वसवला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांना भीती. नांगर खपवायचा तर आधी माणसांचा यंत्रावर विश्वास बसवावा लागला.

तो बसला, आणि विहिरीविहिरींवर इंजिनं आली. मामा लहानपणी अशाच इंजिनावर शिकला. "चारी बाजूंनी फिरता यायचं. बघून हात घालायचा. तू न बघताच हात घातलास," तो म्हणाला.

मग उठला. जॅक लावून पुढचं चाक काढलं आणि तेच चाक गाडीखाली आडवं सरकवलं. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नाही. चाकाच्या पोकळीतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवलं. फिल्टर समोर! टांगलेला, तोंड वर, बूड खाली.

"आता सांग, कुठल्या बाजूला फिरवत होतास?"

माझी ट्यूब पेटली. फिल्टर बुडाकडून बघताना घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. मी वरून बघून उलट फिरवत होतो, म्हणजे तासभर तो आवळत होतो! आधीच्या मेकॅनिकने पान्याने आवळला होताच, उरलेलं काम मी केलं.

मामाने पॉलिश पेपर, खरखरीत बाजू पत्र्याकडे करून, फिल्टरला गुंडाळला. वरून जुन्या फॅनबेल्टचा वेढा, त्यात पाईप घालून पीळ. वेढा तोंडाजवळ, कारण तिथे पत्रा दबत नाही. एक करकर आवाज, आणि फिल्टर सुटला.

जुनी रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपलं. राहिली असती तर नवीन फिल्टर लावूनही सगळं ऑईल रस्त्यावर. नव्या रिंगला ऑईल चोपडलं, हाताने टेकेपर्यंत फिरवला, वर पाऊण फेरा. पाना नाहीच. नवीन ऑईल भरलं, गाडी सुरू केली, लाल दिवा विझला, खाली थेंब नाही.

पहाटे पाचला निघालो. कराड, पेठ नाका, सांगली. दहाला दहा कमी असताना मिरजेत होतो. आईने माझी काळी नखं बघितली आणि म्हणाली, "मामाकडं गेला होतास वाटतं."

डोळे तपासायच्या आधीच.