चेंडू बाहेरचा, गर्दी घरची : गोवा ते कोल्हापूर पट्ट्यातली फुटबॉलची भाषा

मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर कुठल्याही दिवशी सापडावं असं एक वाक्य घेऊ. ‘कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर हेडर मारून पाहुण्या संघाने गोलची परतफेड केली आणि टायब्रेकरमध्ये यजमानांना आस्मान दाखवले.’ वाचताना आपण कुठे अडखळत नाही. पण एकेक शब्द सुटा करून पाहिला तर गंमत दिसते. कॉर्नर, हेडर, गोल, टायब्रेकर हे शब्द साहेबाचे. ‘परतफेड’ सावकाराच्या वहीतली. ‘आस्मान दाखवणं’ कुस्तीच्या हौद्यातलं. पाहुणे आणि यजमान तर आपल्या ओटीवरचे.

हे मिश्रण असंच झालेलं नाही, त्याला इतिहास आहे. खेळातल्या वस्तूंची आणि नियमांची नावं आपण जशीच्या तशी उचलली. खेळण्याच्या आणि हरवण्याच्या क्रियापदांना मात्र आपलेच शब्द लावले. आणि खेळ बघणाऱ्या माणसाला आपण जी नावं दिली, त्यांत तर आपल्या जुन्या प्रेक्षागृहांची अख्खी यादीच सापडते. गोवा, बेळगाव, कोल्हापूर हा फुटबॉलचं वेड असलेला पट्टा समोर ठेवून हे जरा तपासून पाहू.

नाव बदललं का नाही?

क्रिकेट आलं तेव्हा मराठीजवळ त्याच्यासाठी शब्द तयार होता, तो म्हणजे चेंडूफळी. फळीने चेंडू टोलवण्याचा खेळ आपल्याकडे जुना, वारकरी संतांच्या अभंगांतही त्याचं रूपक येतं. त्यामुळे काही काळ तरी क्रिकेटला ‘चेंडूफळी’ म्हटलं गेलं. फुटबॉलच्या वाट्याला असं काही आलं नाही. शेजारच्या कन्नडमध्ये ‘कालचेंडु’ हा शब्द आहे, काल म्हणजे पाय. तमिळमध्ये ‘काल्पन्दु’ तर रोजच्या वापरात आहे. बेळगावच्या माणसाला कन्नड ‘चेंडु’ आणि मराठी ‘चेंडू’ ही भावंडं असल्याचं सांगावं लागत नाही. तरी मराठीत कुणी ‘पायचेंडू’ म्हणत बसलं नाही, आणि ‘पादकंदुक’ वगैरे तर थट्टेपुरतंच राहिलं.

याचं एक कारण असं दिसतं की हा खेळ पुस्तकातून आला नाही, माणसांबरोबर आला. हिंदुस्थानात फुटबॉल पसरला तो मुख्यतः लष्करी छावण्या, मिशनच्या शाळा आणि बंदरं यांतून. शिमल्याची ड्युरँड स्पर्धा 1888 सालची, मुंबईची रोव्हर्स 1891 सालची. दोन्हींच्या सुरुवातीला गोऱ्या पलटणींचे संघ होते. पोरांनी पलीकडून खेळ बघितला, शब्द कानावर पडले, तेच तोंडात बसले. भाषांतर करायला मध्ये पंडित नव्हताच.

गोव्यात तर हा शब्द दोन दारांनी आला. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्रीने 1883 मध्ये शिवोलीत फुटबॉल आणला, असं गोव्याच्या फुटबॉलची हकिकत सांगताना नेहमी सांगितलं जातं. राज्य पोर्तुगिजांचं आणि खेळ शिकवणारा इंग्रजी बोलणारा! पोर्तुगीज भाषेनेही आपला ‘फुतेबोल’ इंग्रजीवरूनच घेतला होता. त्यामुळे सरकारी भाषेतून ऐकलं काय आणि शाळेतून ऐकलं काय, शब्द एकच निघाला. ‘सॉकर’ मात्र आपल्याकडे रुजला नाही. हे ‘असोसिएशन’चं विद्यार्थ्यांनी केलेलं लघुरूप, तेही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खुद्द इंग्लंडातलं. आपल्याकडे रग्बी कधी घरोघर पोचलंच नाही, मग दोन फुटबॉलांत फरक करायला वेगळा शब्द कशाला लागणार?

हाणणं, चढवणं, फेडणं

नामं बाहेरची राहिली, पण वाक्य चालतं क्रियापदावर. क्रीडापानावरची मराठी क्रियापदं बघा. गोल ‘होतो’ असं आपण क्वचित म्हणतो. तो ‘नोंदवला’ जातो, ‘डागला’ जातो, प्रतिस्पर्ध्यावर ‘चढवला’ जातो. कोल्हापुरात बोलताना ‘हाणला’ जातो. गोव्यात कोंकणीत ‘ताणें गोल मारलो’ म्हणतात. डागणं तोफेचं. चढाई आणि बचाव ही जोडी गडकिल्ल्यांची, आणि हुतुतूचीही. घरच्या मैदानावर सामना जिंकला की ‘गड राखला’ असं छापून येतं.

दुसरा गट आखाड्यातला. संघ ‘लोळवला’ जातो, त्याला ‘धूळ चारली’ जाते, ‘चितपट’ केलं जातं. फुटबॉलच्या मैदानात पाठ टेकण्याचा काही संबंध नाही, पण हार-जीत सांगायची तर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी कुस्तीच येते.

तिसरा गट पैशाअडक्याचा. पहिला गोल झाला की ‘खातं उघडलं’. दुसऱ्या बाजूने गोल केला की ‘परतफेड’ झाली, हिशोब ‘बरोबरीत’ आला. खेळाच्या दोन भागांना ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ म्हणताना आपण चक्क ग्रंथाचे शब्द वापरतो. आणि शिट्टी वाजवणारा ‘पंच’ थेट गावच्या पंचायतीतून उठून आलेला आहे. ‘डी’ हा शब्द मूळचा हॉकीच्या मैदानातला, पण फुटबॉलच्या पेनल्टी क्षेत्रालाही अनेक जण बोलताना ‘डी’च म्हणतात. शेजारच्या खेळाकडून उसना घेतलेला आणि परत न केलेला शब्द!

हे सगळं कुठल्या समितीने बसून ठरवलं नाही. रात्री सामन्याचा निकाल हातात आला की तासाभरात बातमी करायची असायची. त्या घाईत उपसंपादकाने जवळ होती ती मराठी वापरली. बेळगावचा ‘तरुण भारत’ 1919 पासूनचा. गोव्यात मुक्तीनंतर 1962 मध्ये ‘गोमन्तक’ आणि 1970 मध्ये ‘नवप्रभा’ सुरू झालं. गोव्याच्या फुटबॉलची मराठी घडली ती बऱ्याच अंशी असल्या पानांवर.

बघणाऱ्याला काय म्हणायचं?

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. खेळणाऱ्याला ‘फुटबॉलपटू’ म्हटलं की भागतं. बघणाऱ्याला मात्र मराठीत एक नाव पुरलेलं नाही.

कोल्हापुरात तो ‘शौकीन’. ‘फुटबॉल शौकिनांची गर्दी’ हे तिथल्या बातम्यांतलं ठरलेलं वाक्य. हा शब्द आधी कुस्तीचा, ‘कुस्तीशौकीन’. शाहू महाराजांच्या काळात (1894 ते 1922) कोल्हापूर मल्लविद्येची पेठ झालं, आणि पेठापेठांतल्या तालमी हे शहराच्या सार्वजनिक जीवनाचे खांब बनले. पुढे फुटबॉलचे संघ याच मुळांवर उगवले. म्हणून संघांची नावं पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. आपल्याकडे तो लाल मातीचा झाला आणि तिथून शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर उतरला. नावात तालीम असलेला संघ म्हटल्यावर बघणारा शौकीनच असणार. शौकिनाला डाव कळतो. तो नुसता टाळ्या वाजवत नाही, पासात काय चुकलं तेही शेजाऱ्याला सांगतो.

दुसरा शब्द ‘रसिक’. ‘क्रीडारसिक’ असं आपण लिहितो तेव्हा नाटकाचा आणि गाण्याच्या बैठकीचा श्रोता मैदानावर आणून बसवतो. रसिक दाद देतो, आणि ती प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळालाही देतो, निदान तशी अपेक्षा असते. ‘समर्थक’ हा सभेतला, निवडणुकीतला शब्द. त्याला बाजू असते. ‘चाहता’ प्रेमाचा, आणि त्याचं प्रेम बहुधा एखाद्या खेळाडूवर असतं.

आणि मग ‘पाठीराखा’. हा शब्द मला या सगळ्यांत वजनदार वाटतो. पाठीराखा म्हणजे बहिणीचा भाऊ. जात्यावरच्या ओव्यांमधला, सासुरवाशिणीला ज्याचा भरवसा तो. देवालाही आपण पाठीराखा म्हणतो. इंग्रजी ‘सपोर्टर’ला मराठी क्रीडापानाने हा शब्द दिला तेव्हा नकळत एक नातं जोडलं. संघ हरला तरी पाठीराखा जागचा हलत नाही, कारण भाऊ काही मोसमापुरता नसतो.

या नात्याची दुसरी बाजूही लिहून ठेवली पाहिजे. शौकिनाची जागा फक्त पाठीराख्याने घेतली, की समोरचा संघ प्रतिस्पर्धी न राहता वैरी होतो. कोल्हापुरात पेठेची ईर्ष्या मैदानाबाहेर आली, हाणामारी झाली, सामने थांबवण्याची वेळ आली, हेही या इतिहासाचंच पान आहे. तेव्हा बातमीत आणखी एक शब्द येतो, ‘हुल्लडबाज’. एकाच माणसाची ही दोन नावं, शिट्टीच्या आधीचं एक आणि नंतरचं दुसरं.

गोव्यातला तीन भाषांचा प्रेक्षक

कोल्हापुरात जे काम पेठेने आणि तालमीने केलं, ते गोव्यात गावाने, वाड्याने आणि फेस्ताने केलं. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात गोल रोवायचे आणि वाड्यावाड्यांनी भिडायचं, ही गोव्याची शाळा. त्यावर पुढे क्लबांची इमारत उभी राहिली. व्हास्को क्लब 1951 चा, साळगावकर 1956 चा. पुढे सेझा, धेंपो आले, 1988 मध्ये चर्चिल ब्रदर्स आला. खाण व्यवसायातल्या घराण्यांनी संघ पोसले आणि आडनावं संघांची नावं झाली. ‘धेंपोने साळगावकरला नमवले’ हे वाक्य गोव्याबाहेरच्या वाचकाला दोन शेजाऱ्यांचं भांडण वाटेल. गोव्यात ती रविवारची साधी बातमी असे.

या प्रेक्षकाची भाषा कुठली? तो मैदानावर ओरडे कोंकणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सामना अनेक घरांत मराठीत वाचला जाई, तर कुठे इंग्रजीत, कुठे रोमी कोंकणीत. 1999 मध्ये निघालेल्या संघाचं नाव मात्र ‘स्पोर्टिंग क्लब द गोवा’, त्यातला ‘द’ पोर्तुगीज. ज्या गोव्यात 1967 चा जनमत कौल झाला आणि भाषेवरून घरात दोन तट पडले, तिथे मैदानाच्या कठड्यावर कुणी कुणाला ‘कुठल्या भाषेत गोल म्हणतोस’ असं विचारलं नाही. गोल चारही भाषांत गोलच होता.

गोव्याने संतोष करंडक 1982-83 मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे आणि 1983-84 मध्ये एकट्याने जिंकला. त्या संघाचा कर्णधार गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर. पुढे त्यांनी भारताचंही नेतृत्व केलं, 1997 मध्ये अर्जुन पुरस्कार आणि 2022 मध्ये पद्मश्री मिळवली. ‘गोलकीपर’चं ‘गोलरक्षक’ असं मराठी रूप वाचकांच्या डोळ्यांना सरावाचं झालं, त्यात त्यांच्यासारख्यांवरच्या मथळ्यांचा वाटा मोठा असणार. शब्दाला चेहरा मिळाला की तो टिकतो.

आता काय चाललं आहे

2014 मध्ये एफसी गोवा स्थापन झाला, आणि फातोर्ड्याच्या स्टेडियमवर ‘फोर्सा गोवा’ ही आरोळी घुमू लागली. ‘फोर्सा’ पोर्तुगीज, अर्थ जोर, बळ. घरात पोर्तुगीज बोलणारी पिढी सरत आली असताना तो शब्द नव्या पोरांच्या शर्टावर परत आला, हे वळण नोंदवण्यासारखं आहे. संघाचं टोपणनाव ‘गौर्स’, म्हणजे आपला गवा, गोव्याचा राज्यप्राणी. पण गव्याला ‘गवा’ म्हणायचं सोडून त्याला इंग्रजी अनेकवचन लावलं.

त्याच सुमारास, 2016 मध्ये, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. राष्ट्रीय स्तरावर ज्या आडनावांनी गोवा ओळखला जाई, ती आडनावं राष्ट्रीय पानावरून उतरली. कोल्हापुरात तालमींचे संघ अजून खेळतात. तिथला अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेचे काही सामने फातोर्ड्यालाही झाले. पण दोन्हीकडच्या नव्या पोरांच्या तोंडी आता ‘फॅन’ आहे. फॅन दूरचित्रवाणीवरच्या माद्रिदचा किंवा मँचेस्टरचाही होऊ शकतो. पाठीराखा व्हायला मात्र पाठ जवळ असावी लागते, आणि शौकीन व्हायला मैदानावर जावं लागतं.

शब्द बदलतात, त्याबद्दल रडगाणं गायचं कारण नाही. ‘गोल’ आपण घेतला तसा ‘फॅन’ही घेऊ. पण शौकीन, रसिक, पाठीराखा या नावांमागे तालीम, नाटकाचा तंबू आणि जात्याची खोली आहे, एवढं तरी नोंदवून ठेवायला हवं. स्थानिक इतिहासात दगडी शिलालेख आपण जपतो. स्पर्धेचं हस्तपत्रक, पिवळं पडलेलं कात्रण, संघाच्या हिशोबाची वही आणि ध्वनिक्षेपकावर नावं पुकारणाऱ्या माणसाची आठवण यांना मात्र रद्दीचा भाव मिळतो. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असं काही पडलं असेल, तर ते फेकण्याआधी त्यावरचं गाव, साल आणि संघांची नावं वहीत उतरवून घ्या. घरातल्या आजोबांना एवढंच विचारा, ‘तुमच्या वेळी मैदानावर काय ओरडायचे?’ उत्तर ज्या बोलीत येईल त्याच बोलीत लिहून काढा, शुद्ध करायला जाऊ नका.