बिनतारी संचाची लपलेली तार : वॉकीटॉकी आणि मोटारीची बॅटरी

कोकणात मुरुड दोन. एक जंजिऱ्याचे, रायगडातले. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, हर्णैच्या दक्षिणेस. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. हा धागा दुसऱ्या मुरुडपासून सुरू होतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, विजेचे खांब मोडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. कित्येक गावांत वीज परतायला दिवस नव्हे, आठवडे लागले.

अशा प्रसंगी वॉकीटॉकीचे महत्त्व कळते. तिला मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. डोंगर आडवा नसेल तर एका संचाची लहर थेट दुसऱ्या संचात पोहोचते. मात्र तिची बॅटरी रिकामी झाली आणि भिंतीतल्या प्लगमध्ये वीज नसली, तर गावात एकच वीजघर उरते : अंगणात उभी असलेली गाडी. ‘बिनतारी’ हा शब्द मोठा फसवा आहे. संदेशाची तार गेली, विजेची राहिली.

हातातला संच आणि मोटारीची बॅटरी यांची गाठ मात्र बरीच उशिरा पडली. शिसे आणि आम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्येच तयार केली होती. आजही बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली तिचेच वंशज असतात. अडचण होती ती रेडिओतील निर्वात नळ्यांची. त्यांना शंभर-दीडशे व्होल्टचा दाब हवा आणि जुन्या मोटारीची बॅटरी सहा व्होल्टची! शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९२८ मध्ये कारखाना काढला, तो घरगुती रेडिओला बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालवणारे उपकरण बनवण्यासाठी. १९३० मध्ये त्यांनी मोटारीतला रेडिओ आणला आणि त्याला नाव दिले ‘मोटोरोला’. पुढे अशा रेडिओंत ‘व्हायब्रेटर’ रूढ झाला. एक लवचीक पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरत एकदिश प्रवाह तोडी-जोडी आणि मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. पट्टीची गुणगुण गाण्याआधी ऐकू येई.

याच कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ‘एससीआर-५३६’ हा हातसंच बनवला. वजन सुमारे सव्वादोन किलो, जमिनीवरचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. त्यात कोरडे सेल असत. संपले की फेकायचे. सैन्याच्या जीपमधला मोठा संच जीपच्याच बॅटरीवर चाले, पण जीपशेजारून चालणाऱ्या सैनिकाच्या हातातल्या संचाला त्या बॅटरीचा काहीच उपयोग नव्हता. त्याच्यासाठी वाहनाचे काम एवढेच : सेलची खोकी वाहून नेणे. युद्धकथांत हा हातसंच हमखास भेटतो. ती खोकी मात्र क्वचितच.

वाहन आणि बिनतारी यांचा एक निराळा संसार त्या काळी कोकणातही मांडला गेला. सावंतवाडीजवळचे आंबोली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये). तेथील जंगलात २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठीचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवीत. यंत्रसामग्री ट्रकवर होती. पुढे केंद्र कॅसलरॉकला हलले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत बोलत राहिले. हे प्रक्षेपण केंद्र होते, हातसंच नव्हे. पण चाकांवरचा आवाज पकडणे किती कठीण, हे पोर्तुगीज सत्तेला सहा वर्षे अनुभवावे लागले.

हातसंच मोटारीशी जोडला गेला तो ट्रान्झिस्टरमुळे. १९४७ मधील या शोधानंतर शंभर व्होल्टची गरज संपली, सात-आठ व्होल्ट पुरेसे ठरले. त्याच सुमारास हवाबंद निकेल-कॅडमियम सेल आले, जे पुन्हा भरता येत. मोटारीही सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. आता दाब चढवण्याऐवजी उतरवायचा होता, आणि ते काम सोपे. त्यासाठी जागाही तयारच होती : सिगार पेटवण्याचा सॉकेट.

आजचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. साध्या कारची बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तास. म्हणजे ४८० वॅट-तास. वॉकीटॉकीची लिथियम बॅटरी ७.४ व्होल्ट, २ अँपिअर-तास. म्हणजे पंधरा वॅट-तासांच्या आत. कागदावर तीसहून अधिक वेळा भरता येईल. प्रत्यक्षात निम्मीही आशा धरू नये, कारण गाडीची बॅटरी खोलवर उपसली की इंजिन सुरू होत नाही. शिवाय संचावर छापलेले तास बहुधा पाच टक्के बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि नव्वद टक्के स्वस्थ पडून राहणे असे धरून काढलेले असतात. वादळानंतरच्या गावात स्वस्थ कोण पडून राहते? बोलताना संच ऐकण्यापेक्षा कितीतरी अधिक वीज खातो. आणि घाईघाईत बारा व्होल्टचा चार्जर मोठ्या ट्रकच्या चोवीस व्होल्टला जोडला, तर तो जळूही शकतो.

‘निसर्ग’नंतर रस्त्यांवर झाडे आडवी होती, कित्येक गाड्या जागच्या हलू शकत नव्हत्या. चार्जिंगसाठी त्या हलण्याची गरजही नसते. इंजिन उभ्या गाडीत चालू ठेवले की आल्टरनेटर सुमारे चौदा व्होल्ट देत राहतो, टाकीत इंधन आहे तोवर. टाकी रिकामी झाली की पंपावर जायचे, आणि पंपावरचे इंधन उपसणारे यंत्र विजेवर चालते.