खंबायतचा अकीक : खाणीतून माळेपर्यंत

गुजरातमधील आणंद जिल्ह्यातील खंबायत हे शहर अकीक या अर्धमौल्यवान रत्नाला पैलू पाडण्याचे देशातील एक जुने केंद्र म्हणून ओळखले जाते. अकीक हा गारगोटीच्या वर्गातील खडा असून त्याची कठीणता सुमारे ७ इतकी असते. पोलादी सुरीने त्यावर ओरखडा उमटत नाही. 'आगेट्स ऑफ कॅम्बे' या नावाने त्याला भौगोलिक निर्देशांकही प्राप्त झाला आहे.

प्राचीन परंपरा

अहमदाबादच्या दक्षिणेस असलेल्या लोथल येथे १९५५पासून पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन करण्यात आले. त्यात हडप्पाकालीन मणी तयार करण्याचा कारखाना व भट्टी आढळून आली. मेसोपोटेमियातील उर येथील राजसमाध्यांमध्येही सिंधू संस्कृतीतील तांबड्या अकीकाचे लांबट मणी सापडले आहेत.

भाजणी आणि घडण

कच्चा दगड प्रामुख्याने नर्मदेच्या खोऱ्यातील रतनपूर परिसरातून येतो. तेथील टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा असून अकीकाचे कारागीर त्यांना आपल्या व्यवसायाचे आद्य पुरुष मानतात. खाणीतून काढलेले दगड प्रथम उन्हात वाळविले जातात. त्यानंतर ते मातीच्या मडक्यांत भरून शेणी अथवा लाकडाच्या भुशाच्या मंद आचेवर भाजण्यात येतात. दगडातील लोहाचे या उष्णतेने रूपांतर होऊन पिवळसर रंग तांबडा होतो. आच एकदम वाढल्यास दगड तडकतो.

घडणीसाठी जमिनीत तिरकी रोवलेली टोकदार लोखंडी पहार वापरली जाते. तिच्या टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीने ठोके दिले जातात. ठोका वरून बसतो, मात्र कपची पहारीच्या बाजूने उडते. अशा रीतीने मण्याला ओबडधोबड आकार येतो. पुढे तो सहाणेवर घासला जातो. हिऱ्याचे कण बसविलेल्या गिरमिटाने दोन्ही टोकांकडून भोक पाडले जाते. ही दोन्ही भोके मध्यभागी नेमकी जुळणे, ही कारागिराची खरी कसोटी असते. पूर्वी चामड्याच्या पिशवीत मणी व भुकटी घालून ती अनेक दिवस लोळविली जात असे. आता हे झिलईचे काम विजेवर फिरणाऱ्या पिंपांत होते.

धुळीचे संकट

विजेच्या सहाणेमुळे कामाचा वेग वाढला, तसेच धुळीचे प्रमाणही वाढले. घासताना उडणारे सिलिकाचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुफ्फुसांत साचून सिलिकोसिस हा आजार होतो. तो पूर्ण बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. या रुग्णांना क्षयाचा धोकाही अधिक असतो. दोन्ही आजारांची लक्षणे सारखी असल्याने अनेकदा केवळ क्षयावरच उपचार होत राहतात. बहुतांश काम घरातच चालत असल्याने कारागिरांच्या कुटुंबीयांनाही धुळीची बाधा होते. शिवाय मालक आणि कामगार हे नाते कागदावर नसल्याने नुकसानभरपाई मिळविणे कठीण जाते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी करून धूळ शोषून घेणारी यंत्रणाही विकसित केली आहे. पाण्याचा वापर आणि धूळ उगमस्थानीच खेचून घेणारी यंत्रणा हे त्यावरील प्रभावी उपाय आहेत. केवळ तोंडाला कापड बांधल्याने हे कण अडत नाहीत.