मनाची समजूत

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण मराठीत किती जुनी आहे याची नोंद कुठे नाही, पण तिच्यातले निरीक्षण निर्दय म्हणावे इतके अचूक आहे. वैऱ्याला सुचणार नाहीत अशा गोष्टी आपले मन आपल्याच विरुद्ध रचत बसते. अतिविचार हा शब्द अलीकडचा असला, तरी त्याच्या एकेका कळेला भाषेने केव्हाच स्वतंत्र नाव देऊन ठेवले आहे. करायचे राहून गेले त्याची चुटपुट, पूर्वी घडून गेले त्याची रुखरुख, अजून घडलेच नाही त्याचा घोर. आणि चूक आपलीच असेल तर मन खाते. या नावांच्या शेजारीच उपायाचाही एक शब्दप्रयोग आहे: मनाची समजूत घालणे. समजूत रडणाऱ्या मुलाची घालतात, रुसून बसलेल्या नातलगाची घालतात. ती घालायची तर आधी त्याच्याजवळ बसावे लागते, त्याला हाक मारावी लागते. या शब्दप्रयोगामागे मोठी परंपरा उभी आहे आणि तिचे मर्म आपण बरेचसे विसरलो आहोत, असे मला वाटते. मन शांत करणे म्हणजे ते रिकामे करणे, असे आज सर्रास मानले जाते. जुन्या मराठी रीतीत मनाला श्रोता म्हणून समोर बसवले जाई.

मनाच्या चंचलतेची तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनच करतो, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरीने ती मराठीत आणली. १५७३ मध्ये पूर्ण झालेल्या एकनाथी भागवताच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या ब्राह्मणाची कथा येते. कंजूषपणे जमवलेले धन गेले, भिक्षेकरी झाला, लोक छळू लागले. तेव्हा तो माणसे, देव, ग्रह, कर्म, काळ यांतल्या एकेकाला तपासतो आणि आपल्या सुखदुःखाचे कारण मन आहे, या निष्कर्षावर येतो. पण इथवर मन हा चर्चेचा विषय आहे, त्याच्याविषयी बोलले जाते. सबंध ग्रंथभर त्याच्याशीच बोलायचे, हे मराठीत ठळकपणे घडले ते समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांत.

श्लोक २०५ आहेत. पहिल्यातले नमन आटोपले की दुसऱ्या श्लोकातच मनाला हाक येते, आणि ती सज्जन म्हणून येते. या संबोधनाकडे सवयीमुळे आपले लक्ष जात नाही. पुढे ज्याला पुष्कळ बोल ऐकवायचे आहेत, त्याला आधी सभ्य माणसाचा मान दिला आहे. स्वतःला दोष देत बसणारा माणूस नेमके हेच करत नाही. तो आपल्या मनाशी चोराशी बोलावे तसे बोलतो. पूर्ण सुखी माणूस जगात सापडेल का, या प्रश्नाचा प्रसिद्ध श्लोकही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिथे रामदास शोधाचे काम मनावरच सोपवतात. सतत काहीतरी उकरत राहणाऱ्या मनाला उकरायला दुसरी जागा दाखवून दिली आहे.

वृत्ताचाही यात वाटा आहे. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा ‘य’ गण: एक लघु, दोन गुरू, पुन्हा एक लघु, दोन गुरू. चरणाची बारा अक्षरे, श्लोकाची अठ्ठेचाळीस. म्हणताना श्वास आपोआप चरणाच्या शेवटी येतो आणि चाल घाई करू देत नाही. विचारांचे चक्र फिरत राहते ते त्याला शेवट नसतो म्हणून. श्लोकाला मात्र चौथा चरण असतो. यावर कुणी म्हणेल, ही तर घोकंपट्टी, तिचा मनाशी काय संबंध? मला उलट वाटते. रात्री झोप उडालेल्या माणसाला नवा सुसंगत विचार सुचत नाही, त्याला पाठ असलेलेच आठवते. पाठांतर म्हणजे अडचणीच्या वेळेसाठी आधीच करून ठेवलेली तजवीज. संप्रदायात असे सांगतात की चाफळच्या रामनवमी उत्सवासाठी शिधा गोळा करायला शिष्य निघाले, तेव्हा दारोदारी एकेक श्लोक म्हणायला ही रचना करून दिली गेली. कथा शब्दशः खरी असो वा नसो, श्लोक म्हणत भिक्षा मागण्याची रामदाशांची रीत खरी आहे. म्हणजे स्वतःच्या मनाला उद्देशलेले बोलणे अंगणात उभे राहून मोठ्याने म्हटले जाई. घरातली बाई सुपात धान्य घेऊन येई, तोवर तिच्याही मनाला हाक पोचलेली असे.

ही रीत समजूत घालण्याची होती, हे मी आजच्या शब्दांतून मागे नेऊन लादत नाही. त्याला एक सुंदर पुरावा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठ्यांचे राज्य आले आणि रामदासी मठही तिकडे गेले. त्याच तमिळ मुलखात अठराव्या शतकात शाह तुराब चिश्ती या सूफी कवीने मनाच्या श्लोकांच्या धर्तीवर दखनीत एक काव्य रचले. त्याचे नाव ‘मन समझावन’. एका मुसलमान सूफीला मराठी ग्रंथातून जे घ्यावेसे वाटले, त्याचे सार त्याने शीर्षकातच मांडले. मन जिंकणे नाही, मारणे नाही, समजावणे. योगायोग असा की भुजंगप्रयाताचा लघु-गुरु क्रम अरबी-फारसी छंदशास्त्रातल्या ‘मुतकारिब’ छंदाच्या पूर्ण रूपाशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे ही चाल त्या परंपरेच्या कानालाही परकी नव्हती.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. आमचे संत स्वतःलाच किती कठोर बोलले आहेत! १६३० च्या दुष्काळात बायको गेली, व्यापार बुडाला, त्या तुकारामांच्या गाथेत स्वतःच्या दोषांची कबुली पानोपानी आहे. खुद्द रामदासांची करुणाष्टके पश्चात्तापाने भरलेली आहेत. मग ही परंपरा आत्मनिंदा शमवणारी की वाढवणारी? उत्तर ते बोलणे कुणाला उद्देशून आहे, यात सापडते. तुकारामांचा दोषांचा पाढा विठ्ठलासमोर वाचलेला आहे, रामदासांचा रामासमोर. ऐकणारा आपल्याहून मोठा आणि मायाळू आहे, या भरवशावर ती कबुली दिली आहे. शिवाय तिला टाळ-मृदंग आहे, मागे साथ करणारे आहेत. मन खाते तेव्हा आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असतो, आणि खटला बंद दाराआड चालतो. अभंगाने ते दार उघडले. तुकारामांनी मोठ्याने गायलेली आत्मनिंदा हजारो माणसांना आपलीच वाटली, आणि आपण एकटेच असे नाही, हा दिलासा त्यांना तिच्यातूनच मिळाला.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. मनाच्या श्लोकांत मरणाचे भय आहे, विषयवासनेचा धिक्कार आहे, आणि आधीच अपराधाने वाकलेल्या माणसाला ते सगळे श्लोक सारखेच मानवतील असे नाही. तो ग्रंथ मुळात भक्तिमार्गाचा आहे, औषध म्हणून लिहिलेला नाही. शिवाय दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर मनाचे श्लोक म्हणण्याची चाल बहुतांशी पांढरपेशा घरांतली. बाकीच्या गावाला देवळातला हरिपाठ आणि भजन होते. आधुनिक मानसशास्त्राचा दाखला देऊन या परंपरेला प्रमाणपत्र मिळवून देण्याची घाईही मला पटत नाही. २०१४ मध्ये ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवले की ‘मी’ऐवजी स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधले तर ताणाच्या प्रसंगी माणूस स्वतःकडे थोड्या अंतरावरून पाहू शकतो. हे मोलाचे आहे. पण प्रयोगातला माणूस एकटा आहे. अंगणातला रामदासी एकटा नव्हता.

आणि जिला ना मठ, ना टाळ, तिचे काय? तिने जात्याला श्रोता केले. पहाटे दळताना बाईने ओवीतून सासरचा जाच सांगितला, माहेरची ओढ सांगितली, स्वतःच्या नशिबाला बोलही लावला, आणि जात्याला देव म्हणून हाक मारली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत वेदान्त शोधायची गरज नाही. दगड बोलत नाही, मध्येच उपदेश करत नाही, चुगली करत नाही, आणि दळण संपेपर्यंत उठून जात नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांच्या खांद्यांवरचा भार उतरला, आणि तो उतरायलाच हवा होता. जाते मात्र कोपऱ्यात गेले, आणि ते फिरवताना जे बोलले जाई, त्याला पहाटेची ती वेळ उरली नाही.